जाळीची टोपली

राजिवड्यात दर्या दारापर्यंत येतो,
आणि यासीन बादलीत विकतचं मीठ ढवळत बसतो.
“खाडीचं पाणी चालत नाही, डिझेल असतं त्यात.”
बावीस वर्षं टँकरवर काढून आलेला माणूस
माझ्या लाकडी पळीनं दर्या घोटतो.

काचेत दोन जोकर मासे.
दोघे नरच, म्हणाला, जन्मतः सगळे नरच असतात,
जो मोठा होईल तो मादी होतो.
मी कोलंबी सोलत होते. म्हटलं,
घर सांभाळायला मागं राहिलं की होतं असं काहीतरी.

पहिल्याच रात्री मोठीनं धाकट्याचं शेपूट कुरतडलं.
मग माझी तांदूळ धुवायची टोपली गेली पाण्यात,
धाकटा तिच्या आत.
दहा दिवस जाळीतून नुसतं बघणं.
बाहेरही तेच:
तो चहाचा कप कुठेही ठेवायचा,
मी उचलायचे, न बोलता.

अकराव्या दिवशी टोपली काढली.
मोठी सरळ चालून गेली.
धाकटा पळाला नाही. आडवा झाला
आणि हुडहुडी भरल्यासारखा
डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला.
“झुलेखा, बघ, बघ!” काचेला नाक लावून यासीन,
“घाबरला नाही तो. हो म्हणतोय.”

मोठी थांबली.
रात्री दोघं फुटक्या कुंडीच्या काठाशी,
अंगाला अंग नाही, पण जवळ.

टोपली मी तीनदा धुतली,
भाताला तरी खारट वास येतोच.
यासीन मुकाट्यानं जेवतो.
काल त्यानं विचारलं,
कप कुठे ठेवू?