गुळगुळीत

सुरी मनगटात गेली ती कोलंबी सोलताना नव्हे,
ससून डॉकवरचं भांडण सोडवताना.
गुलाब वैती हे दरवेळी बजावते.

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
मी तिचा हात कोमट पाण्यात ठेवतो.
घड्याळ लावतो. वीस मिनिटं.
बोटं चुण्या धरतात.
करंगळी नाही.
आणि अनामिका मधोमध वाटलेली :
एक कड म्हातारी, एक कोवळी.

मी सांगतो, ही चुणी पाण्याची नव्हे.
नस रक्ताला म्हणते, आवर,
तेव्हा कातडी आत ओढली जाते.
तुमची म्हणणारीच तुटली.

ती म्हणते, बर्फात हात घातला
की आधी पांढरेफटक,
मग आतून आपसूक कढ यायचा, लालबुंद,
परत पांढरे. पाटी संपेस्तोवर हेच.
"आता ही भवानी निळी होऊन बसते.
मे महिन्यात घामपण नाय हिला."

कागदावर लिहितो : सुरकुत्या नाहीत.
ती वाकून बघते, हसते,
"एवढी एकच तरणी राहिली माझी."

नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते, मी सांगतो.
ती टाक्यांपासून करंगळीच्या टोकापर्यंत
दुसऱ्या हाताने वीत घालते.
पुटपुटत हिशोब करते.
"नारळी पुनवेला होड्या सुटतील,
तवर पोचेल काय?"