तीन सहस्रांश

सॅन्डस्कीत, तळ्याकाठच्या औषधांच्या दुकानात
दर महिन्याच्या चार तारखेला डेल्मर प्रुइट येतो.
गुडघ्याची गोळी, रक्तदाबाची गोळी,
आणि एक मलम, ज्याचा वास त्याला
हरलेल्या मॅचनंतरच्या खोलीत नेतो म्हणे.
तळहात अजून लाकडासारखे.

या खेपेला त्यानं पाकिटातून एक कार्ड काढलं.
शेवटचा हंगाम संपल्यावर छापलेलं,
तरी फोटो पंचविशीतलाच;
कंपनीनं नवा काढायची तसदी घेतली नव्हती.
टोपीखाली डोळे बारीक केलेला कुणी पोरगा.
"त्याला सोड," तो म्हणाला. "मागं बघ."

मागं रकाने. मुंग्यांच्या रांगा.
अकरा हंगाम, दोन हजार तीनशे एक्याण्णव वेळा
बॅट घेऊन उभा राहिला,
सहाशे वेळा पोचला.
बाकी वेळा हात हलवत परत.
आणि समासात, पेन्सिलीनं, त्याच्याच हातानं,
प्रत्येक वर्षाशेजारी लीगची सरासरी.
खाली दोन आकडे, एकाखाली एक:
.२५१
.२५४

मी ज्या खेळाच्या मुलखातून आले
तिथं सरासरी चाळीस असते, पन्नास असते,
चारचौघांत मोठ्यानं सांगता येते.
इथं अख्खा माणूस दशांशचिन्हाच्या उजवीकडे राहतो.

बिलाच्या पाठीवर मी गुणाकार केला.
सवयच ती.
"सात," मी म्हणाले.
"सात काय?"
"अकरा वर्षांत आणखी सात फटके,
की तुम्ही बरोबरीत."

तो हसला नाही.
काउंटरवर बोटं टेकवून आठवू लागला.
एक, मुलगी झाली त्या रात्री:
चेंडू रेषेवरच पडला, चुना उडाला,
पंचाला तेवढा चुना दिसला नाही.
एक, बाल्टिमोरला, तिसऱ्या बेसवरच्या नवख्यानं
घाबरून डोळे मिटले, हात वर केला,
आणि चेंडू त्याच्या हातमोज्यात जाऊन बसला,
जसा काही तिथंच राहत होता.
एक, स्कोअर लिहिणाऱ्याला जेवायची घाई होती,
त्यानं तो फटका समोरच्याची चूक म्हणून लिहिला.
मागं मिसेस कोवाल्चिक खोकल्या,
रांगेतल्या माणसाचं खोकणं.

पाचव्या बोटावर तो थांबला.
"आणि खड्ड्यात आपटून उडालेले?" त्यानं विचारलं,
मला नव्हे, कार्डाला.
"बॅटच्या मुठीला लागून घरंगळलेले?
वीस तरी असतील. ते कुणाला परत करू?"

मग हळूच, चुगली केल्यासारखं,
"त्या सरासरीत पिचरसुद्धा धरलेत बरं.
त्यांना बॅट कुठून धरायची तेही कळायचं नाही.
म्हणजे मी दिसतो त्याहून वाईट."
आणि जरा वेळानं,
"मीही धरलेला आहे त्यात.
माझे सहाशे काढले
तर तो आकडा जागचा हलणारसुद्धा नाही.
मी करून बघितलंय."

मी त्याचा दाब मोजला.
वयाच्या मानानं ठीक, मी सांगितलं,
चारचौघांसारखा.
"बघ," तो म्हणाला, "जमलं शेवटी."
हे म्हणताना चेहऱ्यावर काहीच नव्हतं,
त्यामुळे हसावं की नाही ते मला समजेना.

निळ्या तबकात मी गोळ्या मोजू लागले,
सुरीच्या पात्यानं पाच-पाच सरकवत.
तोही ओठांत मोजत होता.
बाहेर तळ्यावरचा बर्फ मध्येच कडाडला,
दोघांचाही आकडा चुकला नाही.

"तीस," मी म्हणाले.
"सदतीस कर."
"विमा तीसच देतो, मिस्टर प्रुइट."
"हो," तो कार्ड पाकिटात घालत म्हणाला,
"देणारे नेहमी तेवढंच देतात."
मिसेस कोवाल्चिकला वाट देण्यासाठी
तो दुखऱ्या गुडघ्यावर वळला, आणि टोपीला हात लावला.