उलटं धरून

खांद्याचं होल्स्टर तपासायचं उलटं धरून.
आत वजन घालायचं, तोंड जमिनीकडे,
एक झटका द्यायचा.
पडलं, तर स्प्रिंग मेली.
नाही पडलं, तर अंगठ्याने रेटायचं.
रेटूनही सुटलं नाही, तर माणूस मेला.
ह्या दोहोंच्या मधे जेवढी जागा
तेवढंच आपलं दुकान, अण्णा म्हणायचे.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
पावडर कोटिंगवाल्याला लागून.

घागकाका आले नातवाला घेऊन.
बावीस वर्षं कॅश व्हॅनवर, तुर्भे ते बेलापूर,
डाव्या काखेत बत्तीस बोअर.
रिव्हॉल्वर जमा झालं. हे राहिलं.
म्हणाले, स्प्रिंग ढिली पडलीय, काढून काढून.
"आजोबांनी ना, तीन चोरांवर..." नातू सांगायला लागला.
काका पंख्याकडे बघत राहिले.

मी टाके उसवले.
पट्ट्याला घामाचं मीठ, पितळी रिव्हेटवर हिरवी बुरशी,
बरगडीकडची बाजू काळी, गुळगुळीत.
नळीचा ठसा असा
की अंधारात बोटांनी वाचावा.
पण तोंडाशी, जिथून ओढतात,
तिथे कातड्याची लव जशीच्या तशी.
आणि स्प्रिंग, पोलादी पाती, घोड्याच्या नालासारखी वळवलेली,
आतून अजून निळी.

पोलाद थकतं उघडझापीने.
चामडं थकतं नुसतं धरून.

मला कळलं.
मला कळलं, हे काकांना कळलं.
रापी पुसत म्हटलं,
"पार गेलीय स्प्रिंग. बदलते."
आणि तीच बसवली परत, नव्या अस्तरात,
मेणाच्या दोऱ्याचे एकोणीस टाके.

नवं अस्तर आवळून धरतं, त्याला सवय लावावी लागते.
अण्णांचं सागवानी पिस्तूल काढलं खणातून,
पट्टा काकांना चढवला, म्हटलं, ओढा.
पहिल्यांदा अडलं.
कोपर कुठे न्यायचं, हाताला ठाऊकच नव्हतं.
दुसऱ्यांदा नातू हसला.
सातव्या की आठव्या खेपेला पाती बोलली,
टक्.

नातू मोजत होता, मधेच चुकला, पुन्हा एकपासून.
शेजारी भट्टीचं दार उघडलं, गरम झोत आला.
काका घामाघूम.
ओढताहेत, ठेवताहेत, ओढताहेत.
मी म्हटलं, झालं आता, सुटतंय की छान.
"नाही," म्हणाले, "अजून जरा
घट्ट वाटतंय."