डावा कान

चेंगडूच्या जुन्या ताओ मंदिरात
मी आले होते भाकिताची काडी पाडायला.
बांबूच्या नळीत शंभर काड्या असतात,
नळी तिरकी धरून हलवत राहायचं,
एक घसरून फरशीवर पडेपर्यंत.
पण रांग मोठी होती. लग्नाळू मुली, परीक्षार्थींचे बाप,
एकजण तर दुकानाच्या पाटीला
कुठला रंग लाभेल ते विचारायला आलेला.
मग बसले अंगणात, खुर्ची करकरली,
झाकणाच्या वाटीतला जाईचा चहा आला
आणि मागोमाग तुआन म्हातारा, चिमटा वाजवत –
टिंऽऽऽग.
कान कोरून देतो. तीस युआन.

माझं काम मिन नदीचं.
उद्याची पातळी आज सांगायची.
सव्वीस वर्षं मी उद्यात राहते,
तिथले सगळे ऋतू मला पाठ आहेत.
आज पाऊस आहे का, असं कुणी विचारलं
तर मात्र उठून खिडकीपाशी जावं लागतं.

"हलू नका," तुआन म्हणाला.
"आवंढासुद्धा नको."
कपाळावर दिवा, बोटांत गवताच्या काडीएवढी पळी.
ती आत गेली, आणि केवढा तो आवाज!
रिकाम्या घरात कुणी कपाट सरकवावं तसा.
मग सरकवणंही थांबलं.
माझं पन्नाशीचं, गुडघे दुखणारं, हप्ते फेडणारं सगळं अंग
त्या पळीच्या टोकावर येऊन बसलं,
तिळाएवढं.
तिळाच्या अलीकडे गुदगुली.
पलीकडे पडदा.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला.
मुलगा असेल, मे महिन्यापासून बोललेला नाही.
किंवा ऑफिस.
किंवा डॉक्टर ल्याव, रिपोर्ट घेऊन.
माझे तिन्ही उद्या एकदम दारात उभे, कडी वाजवत,
आणि मला मान वळवता येत नव्हती.
थांबला. पुन्हा वाजला.
श्वास तेवढा येत होता, जात होता,
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
थांबला.

"दचकलात," तो म्हणाला, पळी बाहेर काढत.
"फोन होता. ऐकला नाहीत?"
तो माझ्या ओठांकडे बघत होता.
"मला कुठलं ऐकू येतंय. एकोणीस वर्षं झाली."
मी तशीच सरळ बसले. ज्याच्या हाती मी कान दिला
तो ठार बहिरा!
"मग हे करता कसं?"
"मी नाही करत," तो हंसाचं पीस झटकत म्हणाला,
"कान करतो. मी हात सैल ठेवतो.
जोर लावणारे दुसऱ्या धंद्यात गेले."

पीस फिरलं. मग त्यानं चिमटा छेडून
थरथरता पिसाच्या दांडीला टेकवला.
डोक्यातून एक मधमाशी
डावीकडून उजवीकडे गेली, संपली,
आणि ती गेल्यावर जे उरलं ते असं:
लांब चोचीच्या किटलीतून पडणारी धार.
मागच्या टेबलावर माजाँगच्या सोंगट्या, कुणीतरी हरतंय.
बाई सूर्यफुलाच्या बिया फोडतेय, दाढेनं.
गिंकोचं पान फरशीवर उतरलं,
त्यालाही आवाज होता. खरंच होता.
हे सगळं रोज वाजत असणार.
माझ्या परवानगीवाचून.

सवयीनं वाटीत पाहिलं.
पातळी: काठाखाली दोन बोटं.
वेळ: आत्ता.
सव्वीस वर्षांतली ही पहिली नोंद
जी चुकणार नाही.
लगेच एक घोट घेतला, तीही चुकली.
हसू आलं. तुआनही हसला,
कशाला ते न विचारता.

रांग कधी सरली कळलं नाही.
अंबाड्यात लाकडी पिन खोचलेला तरुण पुजारी
नळी पुढे करून उभा, जांभई दाबत:
"तुमचंच राहिलंय, मावशी. दार लावायचंय."
शंभर काड्या खुळखुळल्या,
वाळलेल्या, हलक्या. छान वाजतात.
पर्समध्ये फोन पुन्हा थरथरला.

मी मान वळवून बसले.
थांब रे जरा, म्हटलं,
उजवा कान राहिलाय.