दीड गुंजेला जड

भट्टीच्या मशीनवाल्या कंपनीनं
आम्हा अकरा गलाईवाल्यांना विमानात बसवलं
आणि भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर उतरवलं.
बेट केवढं? विट्याहून मायणीला
जाऊन यावं, तेवढ्यात संपतं.

तिसऱ्या दिवशी डोंगरावरचं जुनं गाव.
बस खालीच थांबली, वर नुसत्या पायऱ्या.
लेंगऱ्याचा सर्जेराव म्हणाला, हे काय दाखवायला आणलं?
असलं दगड माझ्या पडक्या हिरीत पण हायत.
खरंच होते. चुना नाही, माती नाही,
दगडावर दगड, नुसता तोल सांभाळून,
आपल्या शेताच्या ताली घालतात तसे;
फटींतून फड्या निवडुंग, लाल बोंडांचा,
आणि खाली, जिथं येरळा कोरडी पडलेली दिसायची,
तिथं निळं, न संपणारं पाणी.
पिण्याला मात्र थेंब नाही. जहाजानं येतं म्हणे.
आपल्याकडं टँकरनं.
हे ऐकलं आणि ते बेट मला नात्यातलं वाटलं.

गाईड शतकं सांगत होती,
मी दारं मोजत होतो.
चाळीस दारं. चौतिसांना कुलूप.
ऑगस्टात सगळे येतात, ती म्हणाली,
मेलबर्नहून, टोरांटोहून,
संताची मूर्ती खांद्यावर घेतात, फटाके उडवतात,
आठव्या दिवशी कुलपं पुन्हा जागच्या जागी.
मी काही बोललो नाही.
विट्याला दसऱ्याच्या पालख्या पळतात तेव्हा
आमच्या गल्लीत कोचीची गाडी, कटकची गाडी, सिलीगुडीची गाडी;
पोरं आपसात मल्याळम आणि बंगालीत भांडतात,
आणि कोजागिरीचं दूध आटायच्या आत
गल्ली कड्या लावून निघून जाते.

उघड्या सहांपैकी एका दारात
एक म्हातारी परातीत शेंगा निवडत होती.
काळ्या, चपट्या, चिंचेच्या थोरल्या बहिणी.
एक मोडून दिली. गुळासारखी गोड, मागून तुरट.
मी बिया थुंकणार, तेवढ्यात तिनं हात धरला,
बिया माझ्या तळव्यावर ठेवायला लावल्या
आणि आपल्या बोटातली झिजलेली अंगठी दाखवली.
गाईड म्हणाली, पूर्वी सोनं ह्यांनीच तोलायचे.
कॅरट हा शब्द ह्या झाडाचा.
बावीस वर्षं मी पावतीवर कॅरट लिहितोय,
तो झाडाला लागतो हे ठाऊकच नव्हतं.
सर्जेराव सेल्फी काढायचा थांबला.

पाच बिया शर्टाच्या खिशातून घरी आल्या.

आबांना आता भट्टीपुढं बसवत नाही.
धुरानं छाती खाल्ली. पण तराजू विकला नाही:
पितळी, रेशमी दोऱ्याचा,
आणि पानाच्या डबीत गुंजा, काळ्या टोपीच्या.
एका पारड्यात बी, दुसऱ्यात गुंज.
एक टाकली, बी हलली नाही. दुसरी टाकली, उचलली गेली.
"दीड गुंजेला जड, दोनाला हलकी," आबा म्हणाले,
कुणाच्या लेकीचं वय सांगावं तसं, बेतानं.
मग दुसरी बी. तिसरी. चौथी.
पाचवीला भुवई वर गेली.
"ही ढिली हाय गड्या. समद्या एकासारख्या न्हाईत.
कसा इस्वास ठिवला त्या लोकांनी?"

मी गुंजांच्या डबीकडं पाहिलं.
त्यांनीही पाहिलं.
मग हसत सुटले, खोकला येईपर्यंत.
"आपल्या तरी कुठं सारख्या हुत्या?
गिऱ्हाईक बघून गुंज उचलायचा तुझा आज्जा."

दिवेलागणीला मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो,
देवळापासून उलटा मोजत आलो.
चोपन्न दारं.
काही कुलपांवर कुंभारमाशीनं घर केलेलं.
उघडी किती असतील, आबांना विचारलं.
डोळे न उघडता म्हणाले,
"आपलं धरून?"