दुरुस्तीला आलेले खेळ

उदगीरात, देगलूर रोडला दुकान.
मशीन नीट झालं का, हे मी
आतले खेळ चालवून बघतो.
मालकाला वाटतं, टेस्टिंग चाललंय.

परवा एकात दीपगृह निघालं.
वात लावायची, वात विझवायची,
जहाज एकही येत नाही.
दोन तास खेळलो. डबा तसाच राहिला.

दुसऱ्यात नुसता एक बेडूक,
उडी मारायच्या आधी लई विचार करणारा.
बेकार खेळ.
पण त्याचं संगीत ज्यानं केलं
त्याच्या घरचं कुणीतरी गेलेलं असणार.

आणि बिराजदार सरांच्या लॅपटॉपात बर्फ.
बाहेर त्रेचाळीस, कूलरला गंजाचा वास,
आत मी पोस्टमन, गुडघाभर पांढऱ्यात.
बंदूक नाही, शत्रू नाही, घड्याळ नाही.
पत्रं अकरा. दहा कुणीतरी आधीच वाटलेली.
तिची पावलं अजून तशीच,
उगाच गोल फिरलेली,
तळ्याजवळ चालून चालून काढलेलं नाव:
मयू. पुढचं अक्षर राहिलेलं.
टेकडीवरच्या शेवटच्या दारापर्यंत गेलीत
आणि तिथून माघारी वळलीत.

सरांचा फोन आला,
"झालं का रे? सगळं उडव,
फॉरमॅट मार. कोण वापरतंय आता."
म्हटलं, "पार्ट यायचाय सर, हैदराबादहून."

पार्ट सकाळीच बसवलाय.
मी दारापाशी उभा आहे, हातात अकरावं पत्र.
ते दिलं की म्हणे रात्रभर बर्फ पडतो
आणि खेळ संपतो.

आठला शटर ओढलं.
मशीन चार्जिंगला ठेवलं.