पाव मैल

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. कनोला कापून झालेला.
फाटकाची साखळी मी आदल्या रात्रीच काढून ठेवतो,
म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही
आणि मला हो म्हणावं लागत नाही.

जमीन घेतली तेव्हा कागदावर होतं:
तीनशे वीस एकर, पैकी काही काँक्रीट, निरुपयोगी.
युद्धात इथे पोरं विमान उडवायला शिकली.
नंतर दुसरी पोरं आली,
ती जमिनीवरूनच उडू बघायची.
दरवर्षी ठरवतो, उखडून टाकीन.
दरवर्षी पेरणीयंत्र त्याच्या कडेनं वळवून नेतो.

आधी ओरेस्ट ह्रिनचुक,
ट्रेलरवर ताडपत्रीखाली अडुसष्टची प्लिमथ.
मग टेव्स भाऊ, एकाच गाडीतून, एकमेकांशी न बोलता;
चौऱ्याहत्तर सालच्या एका उसन्या क्लचवरून
अजून बिनसलेलं आहे.
मग व्हर्ना, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच.
दिव्यांचा खांब येण्याआधी झेंडा तीच दाखवायची,
दोन गाड्यांच्या मधोमध, पांढऱ्या पँटमध्ये,
हवेत उडी मारून.
आता दोन्ही गुडघे नवे आहेत.

सगळ्यांच्या कानांत यंत्रं,
आणि कुणालाच त्याचं वाईट वाटत नाही.
ऐकू येणं त्यांनी इथेच खर्च केलं.

मी कधी शर्यतीत नव्हतो.
चार मैलांवरच्या आमच्या गोठ्यात
रविवारी दूध काढताना तो आवाज यायचा.
गाय पाय आपटायची.
वडील म्हणायचे, पैसे जाळतायत.
मी मोजायचो. अकरा, फार तर बारा, की शांत.
त्या अकरा आकड्यांत
मी घरापासून कुठवर जाऊन यायचो
ते कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा प्लिमथ सुरूच झाली नाही.
खोकली, एक निळा धूर सोडला, गप्प.
ओरेस्टनं बॉनेट आपटलं. म्हणाला,
"मग चालत जाऊ."
उजवी लेन त्याची. डावी वॉल्टची,
आणि वॉल्ट मार्चमध्ये गेला.
"हिरवा लागायच्या आत सुटला," धाकटा टेव्स म्हणाला,
"नेहमीसारखा. फाउल."
थोरला हसला. मग आपण हसलो हे ध्यानात येऊन
थर्मासचं झाकण फिरवत बसला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
माझ्या पायांत गमबूट होते.

व्हर्नानं रुमाल वर नेला
आणि उडीच्या जागी फक्त टाचा उचलल्या.

भेगांतून गवत. एक गोफर उभा राहून बघतोय.
पन्नास हिवाळ्यांखालून अजून दिसणारे
रबराचे दोन काळे पट्टे,
आणि त्यांतल्या एकावर ओरेस्टची काठी
टक, टक, टक.
अर्ध्यावर तो थांबला. मीही थांबलो.
"चल ना!" तो खेकसला. "मी कधी कुणासाठी थांबलो होतो?"
म्हणून गेलो पुढे.
मागे वळून बघू नये एवढं मला कळत होतं,
तरी काठीचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत
मी श्वास धरून होतो.

पलीकडे धाकटा टेव्स टोपी घेऊन उभा.
टोपी खाली आली की व्हर्ना बटण दाबणार.
नंतर तिनं जुन्या पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं,
जिभेला पेन्सिल लावली.
ओरेस्टनं चिठ्ठी हात लांब करून वाचली.
अकरा चाळीस.
"माझं सर्वांत चांगलं अकरा बासष्ट होतं," तो म्हणाला,
"सुधारलो."
मिनिटांचा विषय कुणी काढला नाही.
मला म्हणाला, "जिंकलास, पण सुटायला उशीर केलास."
मी म्हणालो, हो. बराच.

अंधार पडताना ट्रेलर एकामागून एक गेले.
माझी चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली,
मंगळवारी धुण्यात गेली.
वेळ पुसली. नाव तिनं लिहिलंच नव्हतं बहुतेक.
उन्हाला धरली तर अजून
एवढंच लागतं: डावी लेन.